देखरेख समितीचा तेविसावा फॉर्म

शाळा सुटल्यावर पोरं सांभाळणारा वॉर्डाचा जो क्लब होता, त्यात चाळीस मुलं, दोन सेन्सेई, म्हणजे बाई, आणि बावीस फॉर्म होते. वॉर्ड तोक्योचा, खाडीकाठचा. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर बाकीचे वॉर्ड सुटले म्हणून खूश होतील. २०११चा भूकंप होऊन सहा वर्षं झाली होती. त्या भूकंपाने वॉर्डाच्या निवडून आलेल्या सभासदांना मुलांच्या सुरक्षेची अशी काही जाग आणली, की मूल क्लबात आलं की एक फॉर्म, शिंकलं की दुसरा, आणि कुणाच्या हाताला धरून घरी गेलं याचा तिसरा. मुलांना सांभाळायच्या सेन्सेई दिवसभर फॉर्म सांभाळत, आणि मुलं एकमेकांना सांभाळत.

जयंतीची जुई त्या चाळिसांतली एक. वय सात. जयंती एका संशोधन संस्थेत काचेवर प्रयोग करायची आणि सहाला सुटायची. नवरा रणजित मुंबईच्या कंपनीतर्फे योकोहामाच्या ऑफिसात. महिन्यातले वीस दिवस ओसाकाला. क्लब होता म्हणून जयंतीची नोकरी होती. क्लब गेला की नोकरी गेली, इतकं सरळ.

एके दिवशी जुई लोखंडी दांड्यावरून पडली आणि गुडघा फुटला. नोमुरा सेन्सेई धावत आली ती हातात पेन घेऊन. पडल्याची वेळ, उंची, जमीन ओली की कोरडी, पडताना मूल काय म्हणालं, सगळं लिहून होईतो वीस मिनिटं गेली. मग कापूस आला. तोवर रक्त आपलं आपणच थांबलं होतं.

जयंती भडकली. तिने वॉर्डाच्या सभेला पत्र लिहिलं: सेन्सेईंचा वेळ फॉर्म भरण्यात जातो, मुलांकडे बघायला कुणी नाही.

पुण्यात असं पत्र लिहिलं तर कुणी वाचत नाही, आणि आपण सुखात राहतो. इथे ते वाचलं गेलं. दोनदा.

आठवड्याभरात ‘बालसेवा व शिक्षण देखरेख समिती’ने तिला बोलावलं. नऊ सभासद उठून उभे राहिले आणि कमरेत वाकले. अध्यक्ष कुवाबारा-सान म्हणाले, “जयंती-सान, आपण आमचे डोळे उघडलेत. समिती मनापासून दिलगीर आहे. फॉर्म भरण्यात नेमका किती वेळ जातो, याची आमच्याकडे काहीच नोंद नाही, ही गंभीर त्रुटी आहे.”

सोमवारपासून तेविसावा फॉर्म सुरू झाला: बाकीचे बावीस भरण्यात गेलेली मिनिटं. तो भरायला एक सेन्सेई दिवसभर बसू लागली. चाळीस मुलांमागे उरली एकटी नोमुरा.

जयंतीने डोक्याला हात लावला आणि चूक केली. दुसरं पत्र लिहिलं.

समितीने हेही मनावर घेतलं. प्रत्यक्ष पाहणी ठरली, तीन दिवसांची. पाहणीने मुलांच्या मनावर ताण येऊ नये म्हणून तीन दिवस क्लब मुलांना बंद राहील, असं पत्रक आलं. कोपऱ्यात हसरा ससा छापला होता. सभासद आले, दारात सपाता घातल्या, रिकाम्या खोलीत फिरले, इवल्या खुर्च्यांवर बसून पाहिलं. त्या तीन दिवसांत क्लबात एकही मूल पडलं नाही, भांडलं नाही, रडलं नाही. अहवालात लिहिलं गेलं की सेवेचा दर्जा लक्षणीय सुधारला आहे.

पहिले दोन दिवस जयंतीने रजा काढली. तिसऱ्या दिवशी संस्थेत तिच्या कामाची वार्षिक तपासणी होती. जुईच्या गळ्यात घराची किल्ली अडकवली, कार्टून लावून बसायला सांगितलं. “दोनच तास, बाळा.”

चार वाजून दहा मिनिटांनी धक्का बसला. मोठा नव्हता, बातमीतही शेवटी आला. पण गाड्या थांबल्या, इमारतीच्या लिफ्ट बंद पडल्या. जयंती दोन तास चालत आली आणि सत्तावीस मजले चढली. जुई जेवणाच्या टेबलाखाली बसली होती, डोक्यावर भूकंपासाठी शाळेने दिलेली गादीची टोपी.

“कधीपासून बसलीयेस गं?”

“एक एपिसोड झाला, मग सगळं हललं. तेव्हापासून.” आणि आईचा चेहरा बघून तिनेच समजूत घातली, “दाइजोबु, आई. मी ठीक आहे. पण तू आता पत्र नको लिहूस.”

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या बालकल्याण विभागाच्या दोन बायका दारात. शेजाऱ्यांनी कळवलं होतं: घरात मूल एकटं. शेजाऱ्यांनी दार वाजवून जुईला काही विचारलं नव्हतं, कारण तो आगाऊपणा झाला असता.

“मूल एकटं का होतं?” थोरलीने विचारलं. धाकटी लिहीत होती.

“क्लब बंद होता.”

“बंद का होता?”

“तुमच्याच समितीची पाहणी होती.”

“पाहणी कशामुळे झाली?”

“मी तक्रार केली म्हणून.”

धाकटीने मान डोलावत वाक्य पूर्ण केलं आणि वाचून दाखवलं: “मूल एकटे राहण्यास पालकाची तक्रार कारणीभूत.” खाली सही मागितली. जयंतीच्या नावाची फाइल उघडली. मुलीकडे दुर्लक्ष करणारी आई.

कुवाबारा-साननी फोन केला. आवाज मधासारखा. “जाहीर सुनावणी ठेवली आहे. तिथे आपण तक्रार मागे घेतलीत, तर कारणच उरत नाही. कारण नाही तर फाइल नाही.”

रणजित ओसाकाहून म्हणाला, “घेऊन टाक ना मागे. फाइल व्हिसाच्या वेळी अंगाशी येईल.”

“आणि तो तेविसावा फॉर्म? पोरं तशीच वाऱ्यावर?”

“आपली पोरगी बघ गं आधी.”

“आपलीच बघतेय.”

शनिवारी मराठी मंडळींचा पॉटलक होता. पाच घरांची मुलं त्या क्लबात. विजयकुमारची कश्मिरा आत होती, धाकटा क्षितिज प्रतीक्षायादीत पहिला. जयंतीने सगळं सांगितलं. साबुदाणा वड्याचा घास तसाच हातात धरून विजयकुमार तापला.

“वहिनी, हे म्हणजे अतिच झालं! आमच्या कश्मिराची बोटं दारात चेमटली, तर त्यांनी आधी दाराचा फोटो काढला. आता गप्प नाही बसायचं.”

त्याच पाच घरांतली विद्या म्हणाली, “अगं, आपण दहाच्या दहा जण उभे राहू. जपानी आयाही वैतागल्यात, त्यांना कुणीतरी सुरुवात करायला हवीय.”

“नक्की उभे राहाल ना?” जयंतीने विचारलं.

“म्हणजे काय! तुम्ही नुसता हात वर करा.”

बुधवारी दुपारी सुनावणी. चाळीस पालक, चाळीस जोडी सपाता. कुवाबारा-साननी अहवाल वाचला, चहा घेतला आणि विचारलं, “कुणाची काही तक्रार?”

जयंतीने हात वर केला. उभी राहिली. मोडक्या जपानीत, पण एकही वाक्य न गाळता बोलली. गुडघा, कापूस, तेविसावा फॉर्म, टेबलाखालचे दोन तास. “माझी तक्रार मी मागे घेत नाही,” ती म्हणाली, “आणि ती माझ्या एकटीची नाही.” मग तिने मागे वळून पाहिलं.

विद्या पर्समध्ये काहीतरी शोधत होती. ते सापडत नव्हतं. जपानी आया स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होत्या. विजयकुमारच्या मोबाइलवर नेमका ऑफिसचा मेल आला होता.

कुवाबारा-साननी पुरेसा वेळ थांबून पाहिलं, ते सभ्य गृहस्थ होते. मग निर्णय वाचला. चाळिसांत एक तक्रार, म्हणजे समाधानाचं प्रमाण साडेसत्त्याण्णव टक्के. एवढं आजवर कधीच नव्हतं. जयंती-सान यांचा सेवेवर विश्वास नाही. ज्या सेवेवर आईचा विश्वास नाही, तिथे मूल ठेवल्याने मुलाच्या कोवळ्या मनावर आघात होतो. सबब मुलीच्या हितासाठी तिचं नाव क्लबातून कमी करण्यात येत आहे. आणि क्लब नसल्याने मूल एकटं राहण्याचा धोका वाढल्यामुळे फाइल उघडीच राहील. नऊ जण उठले आणि कमरेत वाकले.

महिनाअखेरीस जयंतीने संस्थेत राजीनामा दिला. प्रयोगशाळेतल्या लोकांनी तिला फुलं दिली.

सुनावणीनंतर विजयकुमार तिला जिन्यात गाठून म्हणाला होता, “वहिनी, काय भारी बोललात! अगदी आमच्या मनातलं.” दोन दिवसांनी त्याला वॉर्डाचं पत्र आलं. क्लबात एक जागा रिकामी झाली होती, क्षितिजचा नंबर लागला होता. त्याने फॉर्म भरले. सगळे तेवीस.

विजयकुमारला शिव्या घालू नका. तुमच्या पोराच्या शाळेतही पालकसभा होते, तिथेही कुणीतरी बाई उभी राहते आणि बोलून झाल्यावर मागे वळून बघते. तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात, ते आम्ही विचारत नाही. तुम्ही आता ही कथा ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, “काय भारी लिहिलंय! अगदी आमच्या मनातलं.”