सुनेनं जावा शिकावी

महारुद्रअण्णांनी हात घातलेलं लग्न फिसकटलं, असं येरमाळ्यात आजवर झालं नव्हतं! परंड्याला निघताना जीपमध्येच त्यांनी पुतण्याला बजावलं, "रणधीर, तू फक्त गप बस. सुपारी आजच फोडून येऊ!"

पोरगी, शिवांजली, तोलामोलाची होती. रणधीर पुण्यात प्रोग्राम लिहायचा, तीही लिहायची. पोहे झाले, चहा आला, आणि अण्णांनीच मोठ्या मनानं म्हटलं, "पोरांना जरा आतल्या खोलीत बोलू द्या."

थोड्या वेळात आतून आवाज चढले.

"नुसतं नाव छापायला जावात पाच ओळी खरडायच्या? पायथनमध्ये एका ओळीत होतंय!" ही शिवांजली.

"आणि एक मोकळी जागा चुकली की अख्खा प्रोग्राम झोपतोय, त्याचं काय? शिवाय चालतीय गोगलगाईसारखी!" हा रणधीर.

"तुमची जावा लिहून होईस्तोवर माझं काम उरकलेलं असतंय!"

बाहेर अण्णांचा कप बशीत आदळला. जावा म्हणजे काँप्युटरला काम सांगायची एक रीत आणि पायथन दुसरी, एवढं रणधीरनं त्यांना शिकवलं होतं. आपल्या घरच्या रितीला नावं ठेवतात, आणि तीही आपल्याला पोहे खाऊ घालून?

"पाव्हणं, तुमची लेक आमच्या जावाला नावं ठेवायलीय!"

"ठेवंल न्हाय तर काय! पायथनवरच नोकरी मिळवलीय तिनं!" पोरीचे वडील कृष्णराजही तापले.

अण्णांनी मग न्यायाची गोष्ट काढली. "हे बघा, आमची मंडळी माहेरी बाजरी खायची. आमच्यात आली आणि ज्वारीवर आली. देवसुद्धा सासरचाच धरला. तसं पोरीनं लग्नानंतर जावा धरावी. मिटलं!"

दार उघडून शिवांजली बाहेर आली. "अण्णा, मी देव बदलीन, भाकरी बदलीन. पायथन सोडणार न्हाय!"

आता आपला पठ्ठ्या हिला गप करतोय, म्हणून अण्णांनी रणधीरकडं बघितलं. रणधीर पोरीकडं बघत होता. आणि कसं बघत होता!

"अण्णा, मीच पायथन शिकतो की."

अण्णांच्या अंगाचा भडका उडाला. "मग घरजावईच हो ना! आडनावपण तिचंच लाव! चल, ऊठ!"

बार्शी येईपर्यंत त्यांचं तोंड थांबलं नाही. रणधीर मात्र एकच वाक्य बोलला, "करीन तर तिच्याशीच." आणि पुण्याला निघून गेला. इकडं पारावर जो भेटंल तो विचारायचा, "अण्णा, सुपारी फुटली का?" अण्णांना घराबाहेर पडायची चोरी झाली.

आणि एक दिवस कृष्णराजांचा फोन आला. "पाव्हणं, पोरगी हट्टाला पेटलीय, करीन तर रणधीरशीच म्हणतीय. गुपचूप जावा शिकली! या आता."

अण्णा आधी पारावर गेले. "बघा! सुनेनं शेवटी वळण धरलंच!" मग रणधीरला बोलावून घेतलं.

या खेपेला सुपारी फुटली, पेढे वाटले. अण्णांनीच मोठ्या मनानं म्हटलं, "जा पोरांनो, बोला आत."

थोड्या वेळात आतून आवाज चढले.

"जावा किती शिस्तीची! चूक झाली की आधीच कान धरती! तुमची पायथन ऐन वक्ताला तोंडावर पाडती!" ही शिवांजली.

"नुसतं नाव छापायला पाच ओळी! आता मी जावाचं तोंड बघणार न्हाय!" हा रणधीर.

"तुमच्यासाठीच शिकले ना मी जावा!"

"मग मी पायथन कुणासाठी शिकलो?"

कृष्णराज तावातावानं उठले. "पाव्हणं, तुमचा पोरगा आमच्या पायथनची..." तो तर पायथनचीच बाजू घेत होता! ते तसेच उभे राहिले.

अण्णाही उठले होते. जावाची बाजू घ्यावी, तर पुतण्याच जावाला शिव्या घालत होता. पुतण्याची बाजू घ्यावी, तर सून घरची रीत सांभाळत होती. संताप तर अंगात मावत नव्हता, पण काढायचा कुणावर?

फुटलेल्या सुपारीचं खांड तोंडात टाकून अण्णा मटकन खाली बसले.

"काय हो पाव्हणं, पोरांना आतल्या खोलीत पाठवायचं हे खूळ काढलं तरी कुणी?"

कृष्णराज नुसते अण्णांच्या तोंडाकडं बघत राहिले.