गोळा पॉइंट, औंढे

ज्या वस्तूला समाजात खरा मान मिळतो ती वस्तू वापरायची सोय राहत नाही, हे मानवी संस्कृतीचे मूळ तत्त्व आहे. घरातली चांगली कपबशी पाहुण्यांसाठी असते आणि पाहुणे आले की, फुटेल म्हणून, त्यांना साध्या कपात चहा देतात. हे तत्त्व क्रीडाक्षेत्रात प्रथम राबवले ते आमच्या औंढे गावाने. त्याची म्हणावी तशी दखल कुणी घेतली नाही, म्हणून हा मजकूर.

आमची कोमल गोळाफेकीत राज्यात पहिली आली. चार किलोचा लोखंडी गोळा मानेशी धरायचा, अंगाला पीळ द्यायचा आणि चुन्याच्या वर्तुळाबाहेर पाय न टाकता तो पुढे ढकलायचा, असा हा खेळ. (खरे तर गोळा फेकत नाहीत, ढकलतातच. पण ‘गोळाढकल’ म्हटले तर सत्काराला कुणी पुढारी येत नाही.) कोमलच्या हातून गोळा सुटे तो भातखाचरातून बगळा उठावा तसा, काही घाई नसल्यासारखा. तिची आई लीलाबाई तांदूळ निवडता निवडता गुणगुणायची:

*लेकीनं फेकीला गोळा, गेला बांधाच्या पल्याड,*
*वारं दमून बसलं, आंब्याच्या गं झाडाआड.*

कोमल पदक घेऊन आली आणि लगेच खंडेनवमी आली. या दिवशी आमच्याकडे ज्याचे जे हत्यार त्याची पूजा होते. विळे, कुऱ्हाडी, ट्रॅक्टर, वायरमनचा टेस्टर, सगळे निमूटपणे हळदकुंकू लावून घेतात आणि दसरा झाला की कामाला लागतात. यंदा त्या ओळीत गोळा बसला. महिपती आबांनी (हे कोमलचे चुलत आजोबा आणि सत्कार समितीचे तहहयात अध्यक्ष) त्याला हार घातला, नारळ फोडला. इथवर सगळे रीतीला धरून होते.

दसरा उलटल्यावर कोमल गोळा उचलायला गेली.

“ए पोरी, कुटं निघालीस त्याला घिऊन?”

“सरावाला, आबा. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला निवड चाचणी हाय. त्यात निघाले तर देशाकडनं खेळाया मिळंल.”

“मिळंल की! पन ह्यो आता फेकायचा न्हाई. पूजलाय.”

“तुमचा इळा बी पूजलाय. त्यानं भात कापताच न्हवं?”

“इळा हातात ऱ्हातो, बये. ह्यो काय मातीत आपटायचा? हळदकुकवासकट?”

कोमलने गोळा खाली ठेवला. थोरांना उलट उत्तर द्यायचे नसते. गोळा ग्रामपंचायतीच्या काचेच्या कपाटात, लाल मखमलीवर विराजमान झाला. त्याच्यावर एक छोटा दिवाही लावण्यात आला. (मैदानावरचा दिवा काढून.)

लोणावळ्याच्या एका शाळेत खेळ शिकवणारे फिरोज सर हे कोमलचे गुरू. त्यांनी शाळेचा गोळा मागितला. कार्यालयाने कळवले की, सदर गोळा डेड स्टॉकमध्ये जमा असून तो फेकल्यास जागेवरून हलेल, आणि डेड स्टॉक हलल्यास तपासणीत शंका निघतात. सदर शाळेत क्रीडासाहित्याच्या मोडतोडीचे प्रमाण गेली अकरा वर्षे शून्य टक्के आहे. असा आदर्श जिल्ह्यात दुसरा नसेल.

मग कोमलने ओढ्यातून एक काळा गुळगुळीत धोंडा आणला. तोलून पाहिला, गोळ्याएवढाच भरला. माळावर जाऊन फेकला. सकाळी पाहते तो धोंड्याला शेंदूर! शेंदूर कुणी लावला याचा तपास झाला नाही, कारण लावणाऱ्यांची संख्या तपास करणाऱ्यांपेक्षा जास्त होती. तिने दुसरा आणला. दुसऱ्यालाही शेंदूर आणि वर झेंडूचे फूल. तिसऱ्यापुढे तर उदबत्ती. पोरगी फेकत गेली आणि गाव पूजत गेले. माळावर धोंड्यांची अशी रांग लागली की फिरोज सरांना टेपची गरज उरली नाही. शेंदूर मोजला की सराव मोजून व्हायचा.

भाविकांचे अनुभवही नोंद घेण्याजोगे आहेत. तेरा मीटरवरचा धोंडा दहावीला पास करतो. चौदावरचा कंपनीत चिकटवतो. साडेचौदावरचा लग्न जमवतो, मात्र मुलाचा स्वतःचा फ्लॅट असल्यास. पंधरावर अद्याप धोंडा नाही, म्हणून त्या रकान्यातली कामे (बदली, जमिनीची मोजणी, सुनेचे वळण) तूर्त प्रलंबित आहेत.

आता लोणावळ्याच्या आसपास कुठल्याही जागेला ‘पॉइंट’ म्हटले की तिथे आपोआप कणीस भाजणारा उगवतो. आमच्याकडे उलटे झाले. कणीसवाला आधी उगवला, आणि त्यामुळे हा पॉइंट असला पाहिजे असे सर्वांच्या लक्षात आले. आठवड्याच्या आत ‘गोळा पॉइंट’ अशी पाटी, भजी, मॅगी, उंटावरची फेरी आणि ‘गोळा चिक्की’ (चौकोनी) सुरू झाली. फेकीचे वर्तुळ चुन्याने आयतेच आखलेले होते, त्यात पार्किंग झाले. पाहणीनुसार, येणाऱ्यांपैकी शहाण्णव टक्के लोक ‘कसला गोळा?’ असे विचारतात. उरलेले चार टक्के काही न विचारता दोन कालाखट्टा मागतात.

“आबा, मी फेकू कुटं आता?” कोमलने विचारले.

“आता कशाला फेकतीस? नाव झालं की लय!”

“नाव झालं म्हनून तर फेकायचंय.”

“ऐकलंस का गं लीला? ही पोर बघ! झाड लावलं, फळ लागलं, तरी म्हंती पुन्ना खड्डा खांदू द्या!”

“तिला खांदू द्या आबा,” लीलाबाई एवढेच म्हणाली. सत्कार समितीत आयांना मत नसते.

पुढे पुढे कोमल रिकाम्या हातानेच सराव करू लागली. हा सराव मात्र सर्वांना फार आवडला, कारण त्यात काहीच कुठे पडत नव्हते आणि पर्यटकांच्या काचा शाबूत राहत होत्या. ती अंगाला पीळ द्यायची, हात उघडायची, आणि दारातून लीलाबाई लांबवर बघत राहायची. जणू काही गेलेच आहे, अजून जातेच आहे, कुठे टेकायचे नावच घेत नाही.

निवड चाचणीचा रविवार उजाडला. फिरोज सर कोमलला मोटारसायकलवर घेऊन निघाले ते वेशीबाहेरच अडकले. औंढ्यापासून लोणावळ्यापर्यंत गाड्याच गाड्या. सगळ्या गोळा पॉइंटकडे तोंड करून.

“सर, तुमी या मागनं. मी लोणावळ्याच्या टेसनापतूर पळते.”

“पळ बेटा! दोन गाड्यांच्या मधून काढ वाट. मी बघतो हे!” सरांनी हॉर्न दाबला. पुढच्या पन्नास जणांनीही दाबला.

पुण्यात मैदानावर नाव तीनदा पुकारतात आणि मग खोडतात. तशी रीत आहे. त्यांनीही ती पाळली, कुणाला दोष देता येत नाही.

आणि वाचकहो, आपल्याला तर मुळीच नाही. त्या रविवारी त्या रांगेत आपणही होता ना? पांढरी गाडी, मागच्या काचेवर मुलांची नावे. वळणावर कोमलचा वीस फुटी फ्लेक्स लागला तेव्हा आपण सहकुटुंब खाली उतरलात आणि त्याच्यापुढे, मुठी वळून, दंड फुगवून उभे राहिलात. तेवढ्यात ट्रॅकसूट घातलेली, घामाने निथळणारी एक आडदांड मुलगी गाड्यांमधून धापा टाकत आली. आपण अत्यंत सौजन्याने म्हणालात, “ओ ताई, एक मिनिट थांबता का? फोटोत येताय.”

ती थांबली. थोरामोठ्यांचे ऐकायचे वळण आहे तिला. मग धाकटीचे डोळे मिटले म्हणून आपण आणखी एक काढलात.

फोटो सुरेख आला आहे. आम्ही पाहिला, खाली बदामही टाकला. ‘मावळच्या लेकीचा अभिमान’ असे आपण लिहिले आहे ते अगदी मनापासूनचे वाटते. विशेष म्हणजे, मधे कुणी आलेले नाही.