बारवेतील भिंतीची हकीकत

श्री जलरूप देवीस नमन. तिचे पाणी गाळून पिणारांस क्षेम असो, न गाळता पिणारांस सुबुद्धी होवो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, विसाजीपंत वैद्य यांच्या बारवेचे स्मारक करावे ऐसा हुकूम जाहला. त्याची हकीकत ऐसी जे.

विसाजीपंत तरुणपणी त्या गावी आले तेव्हा गावात नारूचा उपद्रव भारी. माणसाच्या पायास फोड येई, फोड फुटे, आणि आतून दोरीसारखा किडा डोके काढी, मग तो काडीस गुंडाळून रोज बोटभर ओढावा, तुटला तर पाय सडे, ऐसे दोन दोन महिने माणूस ओसरीवर पडून राही आणि शेत पडीक राही. गाव म्हणे देवीचा कोप. विसाजीपंत कोपाविषयी काही बोलिले नाहीत. गावास पाण्याची एकच पायऱ्यांची विहीर, तिला बारव म्हणत, एकवीस पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, आणि बायका घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून घागरी भरीत. पंतांनी बारवेच्या काठी दोन खणांची खोली घेतली, भिंग मांडिले, आणि सहा वर्षे कोण कोणत्या पायाने पाण्यात उतरतो ते लिहून ठेविले. तेव्हा उमगले की फोडाचा पाय पाण्यात बुडे, किड्याची पिल्ले पाण्यात सुटत, ती पाण्यातल्या बारीक पिसवांच्या पोटी जात, आणि पिसवा पिणाराच्या पोटी. किडा वर्षाने निघे म्हणोन पाण्यावर कोणाचा वहीम जाईना. पंतांनी सांगितले, पाणी दुहेरी फडक्यातून गाळा. वरची आळी गाळून प्याली, खालची आळी हसून प्याली. दुसरे वर्षी वरच्या आळीत नारू दोन, खालच्या आळीत एकेचाळीस. मग खालच्या आळीने आपण होऊन दगड वाहिले, आणि मागील क्रोधी संवत्सरी चौदाव्या पायरीवर पुरुषभर उंचीची भिंत उभी केली, वर कप्पी बसविली, की यापुढे पाणी दोराने वर यावे, पाय खाली जाऊ नये. पुढे राज्यातून नारू गेला. पंत मात्र त्याच खोलीत बसून राहिले, आणि साठ वर्षांनी, नव्वदी उलटल्यावर, कार्तिकात वारले.

पंतांची कन्या सत्यभामाबाई, वय अठ्ठावन्न, अखेरची सात वर्षे वडिलांपाशी राहिल्या होत्या. हुकूम जाहला तो त्यांनी दोनदा वाचिला, कारण पहिल्या वाचनी त्यांस बरे वाटले. दुसऱ्या वाचनी आतले कलम दिसले, की स्थळ मूळ स्वरूपात आणावे आणि मागाहून जाहलेली उपरी बांधकामे काढून टाकावी. उपरे बांधकाम तेथे एकच होते, ती भिंत. बाईंनी राज्याच्या वारसाखात्यास अर्ज केला की भिंत हाच वडिलांचा शोध, तिला हात लावू नये, आणि उन्हाळ्यात नळ आटले म्हणजे गाव आजही हेच पाणी पिते. जबाब आला की आपल्या पाठिंब्याबद्दल खाते आभारी आहे. बाईंनी दुसरा अर्ज केला की हा पाठिंबा नव्हे, हरकत आहे. त्यास जबाब आला तो विसाजीपंतांच्या नावे, की हरकतदारांनी पुराव्यासह समक्ष हजर राहावे, न आल्यास हरकत नाही ऐसे समजले जाईल. बाईंनी तो कागद घडी करून, जेथे वडिलांचा चष्मा होता त्या खणात ठेविला आणि खण लाविला. मग थोडा वेळ खणावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आणि मग खात्याचे चिंतोपंत जतननवीस स्वतः गावी आले. माणूस तरुण, शिकलेला, बोलण्यात गोड. बारवेच्या काठी वाकून त्यांनी सर्व पायऱ्या मोजिल्या आणि म्हणाले, "ताई, काय रेखीव काम आहे. सातशे वर्षांचे असावे. आणि मध्येच ही भिंत. डोळ्यास खुपते."

"खुपावी म्हणूनच बांधली आहे," बाई म्हणाल्या. "न खुपली तर माणूस उतरतो."

"आपल्या वडिलांविषयी आम्हांस अपार आदर आहे."

"मग भिंत राहू द्या."

"नियम आडवा येतो. शंभर वर्षे भरल्याखेरीज बांधकाम जतनास पात्र होत नाही. भिंतीस साठच जाहली."

"तर चाळीस वर्षे थांबा."

जतननवीस हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारिले, "आणि पुतळा बसवणार म्हणता, त्याचे वय काय?"

"पुतळा नवा आहे, ताई. त्यास वयाची अट नाही."

शेजारी पारूबाई कोळीण घागर घेऊन उभी होती. वयाने सत्तर. दहा वर्षांची असता तिच्या घोट्यातून दोन नारू निघाले होते, त्याचा वण अद्याप होता. ती म्हणाली, "साहेब, ह्यो माझा पाय बघा. ह्याला साठ वर्सं झाली. ह्यो बी काढता का?"

जतननवीसांनी पायाची छबी घेतली आणि म्हणाले की ही मौखिक परंपरा फार मोलाची आहे, प्रदर्शनात लावू. पारूबाई बाईंस म्हणाली, "भामे, ह्याला ऐकू येतंय, पर पोचत न्हाई."

मग बाई तिसरा अर्ज घेऊन राजधानीस गेल्या. जाता तीन प्रहर, कचेरीत बसता एक दिवस, आणि अर्जावर शिक्का पडला माघ शुद्ध सप्तमीचा. परत येऊन पाहतात तो त्याच सप्तमीस मजूर आले होते आणि भिंत गेली होती. चौदावी पायरी उघडी, धुतलेली, तीवर झेंडूची माळ. दगड कोठे, म्हणोन विचारिले तर वरती नवा चौथरा रचिला होता, पंतांच्या पुतळ्यासाठी, त्याच दगडांचा. जतननवीस म्हणाले, "टाकून द्यायचे जिवावर आले, ताई. म्हटले, वैद्यबुवांच्याच कामी लावू." हे त्यांनी मनापासून म्हटले, यात संशय नाही, आणि बाईंस त्याचाच अधिक त्रास जाहला, कारण लबाडाशी भांडता येते. पुतळा पितळी, छातीपर्यंतचा, डोईस मोठी पगडी. पंतांनी जन्मात पगडी घातली नव्हती. ते टक्कल उघडेच ठेवीत आणि उन्हात त्यावर ओला पंचा टाकीत.

माघी पौर्णिमेस राज्याचे वारसामंत्री लवाजम्यासह आले. पंतांच्या खोलीत तिकिटांची खिडकी झाली होती, भिंग राजधानीस गेले होते, त्या जागी भिंगाचे चित्र होते. मंत्र्यांनी फीत कापिली, कोनशिला उघडिली, पुतळ्यास हार घातला, आणि छबी बरी येईल म्हणोन एकवीस पायऱ्या उतरून घोट्याइतक्या पाण्यात उभे राहिले, आणि त्यांच्यामागे लवाजमा उतरला, तीसेक पाय. मंत्र्यांनी ओंजळ भरिली आणि म्हणाले, "वा, अमृत आहे." वर व्यासपीठावर बाईंच्या खांद्यांवर शाल पडत होती.

"पाय बाहेर काढा."

हे बाई बोलिल्या. मोठ्याने नव्हे. परंतु पंत साठ वर्षे खोलीच्या दारातून हेच तीन शब्द याच सुरात म्हणत आले होते, पाटलास आणि म्हशीस सारखेच, आणि गावातले जे म्हातारे त्या वेळी दोन पायऱ्या उतरले होते ते मान वर न करिता मागे फिरले. मंत्र्यांनीही पाय काढिला, लेकरासारखा. मग ओले पाय घेऊन विचारिले, "काय झाले?"

"उन्हाळ्यात गाव हेच पाणी पिते," बाई म्हणाल्या.

मंत्र्यांनी जतननवीसांकडे पाहिले, जतननवीसांनी कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिले, पत्रिकेत पुढे स्वागतगीत होते, म्हणोन स्वागतगीत जाहले.

त्यानंतर हुकूम जाहला की पायऱ्यांस दोर बांधावा. दोर चांगला होता, म्हणोन आठ दिवसांत कोणाच्या म्हशीच्या गळ्यात गेला. मग लोक गाड्या करून येऊ लागले, पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडीत, डबे खात, हात धूत. नारू नव्हता हे खरे. परंतु फाल्गुनात नळ आटले, गाव बारवेवर आले, आणि एका आठवड्यात खालच्या आळीत अकरा जणांस जुलाब लागले, त्यांत पारूबाईची नात. बाईंनी चौथा अर्ज केला की निदान दगड परत द्यावे. जबाब आला की ते दगड आता स्मारकाचा भाग असून स्मारक संरक्षित आहे.

तो कागद बाईंनी पारूबाईस वाचून दाखविला. दुसरे दिवशी सकाळी ती बावीस बायका आणि चार पहारी घेऊन चौथऱ्यापाशी उभी राहिली आणि बाईंस बोलावणे धाडिले.

"भामे, बाप तुझा हाय. तू न्हाई म्हणालीस तर आमी घरला जातो."

बाईंनी पुतळ्याच्या गळ्यातला वाळला हार काढून ठेविला. मग म्हणाल्या, "आधी त्यांना खाली घ्या. दगड मग."

पुतळा वाटला होता त्याहून हलका निघाला, आतून पोकळ. बाई तो मांडीवर घेऊन सातव्या पायरीवर बसल्या, आणि बायकांनी हातोहात दगड खाली दिले, आणि भिंत चौदाव्या पायरीवर चढू लागली, दोन दिवस. बाई पदराने पितळेवरची धूळ पुसत होत्या. कार्तिकात त्यांस रडू आले नव्हते, लोक येत जात होते, चहा करावयाचा होता. ते आता आले. बायकांनी पाहिले आणि दगड देत राहिल्या.

मग चौकशीस जतननवीस आले. चौथरा नाही, भिंत आहे, ऐसे पाहून त्यांच्या कपाळी घाम आला. पारूबाईने भिंतीवर पुन्हा बसविलेल्या कप्पीवरून पाणी ओढिले, दुहेरी फडक्यातून गाळून तांब्या पुढे केला. ते प्याले. मग चौकशीच्या कागदावर लिहिले की चौथरा सुस्थितीत असून जागा तेवढी बदलली आहे. लिहून झाल्यावर हळूच विचारिले, "ताई, पुतळ्याचे काय लिहू?"

"घरी आहे म्हणून लिहा," बाई म्हणाल्या. "तांबटाकडे नेणार आहे. पगडी काढता येईल म्हणतो."

एकंदर तात्पर्य ऐसे की स्मारकास तीन मास लागले, भिंतीस दोन दिवस. अर्ज चार जाहले, त्यांचे जबाब तीन आले, एकावर नुसता शिक्का, जुलाब बरे जाहले. भिंतीस शंभर वर्षे भरण्यास आता पुन्हा शंभर वर्षे आहेत. हे जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.