नात्यातल्यांना तिकीट नाही

एका जंगलात, बाळांनो, लॉटरी निघायची. एक कवठ दिलं की एक तिकीट. ज्याचा नंबर लागेल त्याला उन्हाळाभर तळ्याकाठची गार गुहा.

मागच्या खेपेला ती गुहा कोल्ह्याला लागली. तिकिटं विकणारा तरस त्याचा सख्खा साडू निघाला. जंगलभर बोंब झाली. मग सिंहमहाराजांनी दुकान तरसाकडून काढून मुंगूस हिराशेठला दिलं आणि नियम केला की विकणाऱ्याने नात्यातल्या कोणालाही तिकीट द्यायचं नाही. लक्ष ठेवायला बगळेसाहेब नेमले. साहेब पांढरेशुभ्र, एका पायावर उभे, डोळे मिटलेले आणि कान टवकारलेले. सोडतीपर्यंत तिकिटं पडून राहिली, तर हिराशेठचंही दुकान जाणार होतं.

हिराशेठला त्याची चिंता नव्हती. तो हाडाचा दुकानदार. गिऱ्हाईक दिसलं की तोंडात साखर.

पहिली आली खार.

"या खारूताई, बसा. पाणी घेणार ना?"

साहेबांनी एक डोळा उघडला. "ताई म्हणजे बहीण. तिकीट नाही."

हिराशेठला वाटलं, साहेब गंमत करताहेत. साहेबांना गंमत येत नव्हती. माकडमामा परत गेले. मनीमावशी परत गेली. कोल्होबांच्या तर नावातच 'बा' निघाला, म्हणजे थेट वडीलच.

दुपारी हिराशेठने ठरवलं, आता कोणालाही नातं लावायचं नाही. तेवढ्यात हत्ती आला. ज्याला आयुष्यभर "या दादा" म्हटलं, त्याला हिराशेठ म्हणाला, "काय पाहिजे?"

हत्तीचे कान पडले. "माझं काही चुकलं का?" एवढंच विचारून तो माघारी वळला. दुकान मिळाल्यापासून हिराशेठला माज आलाय, हे संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर सगळ्यांना कळलं. त्यानंतर कुणी फिरकलंच नाही.

उन्हं उतरली. गठ्ठा जसाच्या तसा. हिराशेठ तीच तिकिटं पुन्हा पुन्हा मोजू लागला.

इतक्यात गवत सळसळलं. शेपटीने कवठांचा ढीग ढकलत नाग येत होता. मुंगसाचं आणि नागाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. हिराशेठचे केस ताठ उभे राहिले.

"मेल्या, तू? आणि माझ्या दारात?"

साहेबांनी दोन्ही डोळे उघडले. चेहरा खुलला. "वा. याला हवी तेवढी द्या."

हिराशेठने उभे केस पंजाने चापून बसवले आणि सगळा गठ्ठा नागापुढे ठेवला. वर गुळाचा खडाही दिला. आजवर नागाला कोणी दगडाशिवाय काही दिलं नव्हतं. त्याला भरून आलं.

"येतो हं, का..." म्हणताना त्याला बगळ्याची मान वळलेली दिसली. "...काळतोंड्या," तो म्हणाला.

"चालता हो, वाकड्या," हिराशेठ प्रेमाने म्हणाला.

सोडत झाली. सगळी तिकिटं नागाकडेच, त्यामुळे गुहा त्यालाच लागली. इतकी स्वच्छ सोडत जंगलात आजवर झाली नाही, असं साहेबांनी जाहीर केलं.

पुढच्या खेपेला दुकानासमोर ही रांग. खारूताई "ए लबाडा" म्हणत आली. माकडमामांनी तर हिराशेठच्या सात पिढ्या उद्धरल्या. हत्तीदादाला काही सुचेना. तो सोंड खाली घालून "ए... वाईट प्राण्या" म्हणाला आणि त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. हिराशेठने त्याला तिकीट फेकून मारलं, पण हळूच, सोंडेत बसेल असं.

दुपारीच गठ्ठा संपला. साहेबांनी महाराजांना कळवलं, "या दुकानदाराचं जंगलात कोणाशीच पटत नाही. असा भरवशाचा प्राणी शोधून सापडायचा नाही."

तेव्हा दुकानामागे सगळे ताई, मामा, मावशी आणि दादा कवठाची चटणी खात बसले होते. वाढायला नागकाका होता.

तात्पर्य: नाती दुकानामागे जपावीत, भांडणं दुकानापुढे करावीत. व्यवहार आपोआप स्वच्छ दिसतो.