पाठीला कुणी लावलं?

आमचा शेजारी सदा कंपाउंडर रामराम घालत नाही. हात धरतो, बोटं फाकवतो आणि बेचक्यात खरूज आहे का बघतो. एकदा मांडवात नवरदेवाची बोटं बघितली होती. तासगावला एका डॉक्टरकडं त्याची उभी हयात गेली. आता पलूसला आमच्या शेजारी एकटाच राहतो.

"खरूज म्हंजे किडा. त्याला पाटीलकी कळत न्हाई," हे त्याचं पालुपद.

माझी नात गौरी सहा वर्षांची. खाजवून पोरीची बोटं रक्ताळली, शाळेनं घरी पाठवली. मी चौथी नापास, पण घरातलं औषध मीच ठरवतो. करंजाच्या तेलात गंधक खलवून चोपडला. पोर आणखीच रडली. शेवटी सून मला न विचारता सदाला घेऊन दवाखान्यात गेली, मलम आणलं.

सदानं फर्मान काढलं, "घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. मानेपासनं तळपायापत्तुर. वाकळा, कपडे कडक पाण्यात. आठ दिसानं परत."

"मला खाज न्हाई," मी म्हणालो. खोटंच. गोठ्याच्या खांबाला पाठ घासत होतो, म्हशीगत.

नातीपायी लावलं. पोर बरी झाली, आणि महिन्याभरात परत खाजवायला लागली. सदा तणतणत आला. एकेकाला उभं करून विचारलं. माझ्यापाशी थांबला.

"पाठीला कुणी लावलं रं?"

मंडळी जाऊन तीन वर्षं झाली, लेक फौजेत, आणि सून सासऱ्याच्या पाठीला हात कसा लावणार? हात पुरला तिथवर लावलं होतं. गौरी तर दिवसभर त्याच पाठीवर, घोडा घोडा करत.

"आरं गड्या, हाक मारायची हुतीस! पोरीपरास ऐट मोठी व्हय?"

त्यानं माझा सदरा काढायला लावला. सगळ्या घराला पुन्हा मलम लागलं, माझ्या पाठीला त्याच्या हातानं. आज गौरी शाळेत जाते. हे उपकार मी तोंडानं कधी बोललो नाही, म्हणून इथं लिहितोय.

त्या दिवशी मी एवढंच विचारलं, "गावची खरजेची पोरं हाताळतोस. तुझ्या पाठीला कोण लावतं?"

"उलथन्याला फडकं बांधतो," म्हणाला आणि हसला.

"बस पाठमोरा."

बसला. मी मानेपासून कमरेपर्यंत मलम चोळलं. मलम कधीच जिरलं होतं, तरी उठेना. मीही हात काढला नाही.