सर्वांत सुरक्षित तळे

लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत बाई ज्या तळ्यात पाय सोडून बसल्या होत्या, त्याच तळ्यात त्यांना पुन्हा एकदा पाय सोडून बसायचे होते. मागणी साधी होती, म्हणूनच पूर्ण व्हायला जन्म गेला. तेव्हा पैसे नव्हते, पण गुडघे होते. आता निवृत्त हेडक्लार्क यजमानांना पेन्शन होती आणि डॉक्टर म्हणाले होते, "चढण चढायची असेल तर याच वर्षी."

ज्वालामुखी कधीच थंड झाला होता. त्याच्या तोंडातल्या तळ्याचे व्यवस्थापन मात्र जागे झाले होते. धापा टाकत दोघे वर पोचले, तो समोर उंच भिंत आणि तिच्यावर निळ्याशार तळ्याचे भलेमोठे चित्र.

"तळं कुठंय हो?" बाईंनी रखवालदाराला विचारले.

"हे काय समोर."

"ही तर भिंत आहे!"

रखवालदाराने शांतपणे समजावले. फोटो काढताना लोक पाण्यात पडत, म्हणून कठडा बांधला. लोक कठड्यावर चढू लागले, म्हणून भिंत बांधली. मग तळे दिसत नाही अशी तक्रार आली, म्हणून चित्र लावले. "आता तक्रार नाही. चित्रात ऊनही छान पडतं, बारा महिने."

चित्रापुढे फोटोसाठी रांग होती. रांग दिसली की उभे राहायचे आणि कशाची ते मागाहून विचारायचे, हा यजमानांचा नोकरीतला शिरस्ता. फोटो निघाला. लगेच नातेवाइकांना गेलाही.

जेवायला 'तळ्याकाठचे' टेबल मिळाले, म्हणजे भिंतीलगतचे. तळ्यातला ताजा मासा मागवला. वेटरने ताट हातातच ठेवून मोबाइल पुढे केला. "आधी अभिप्राय द्या."

"अरे, चव तरी घेऊ दे!"

"चव घेतल्यावर लोक काहीबाही लिहितात, बाई."

यजमानांनी पाच तारे दिले. मासा आतून दगड होता.

"अहो, यात बर्फ आहे."

"पाच तारे दिलेत. गप खा."

हात धुवायला उठलेल्या बाईंनी चुकीचे दार उघडले आणि त्या थेट भिंतीपलीकडे गेल्या. तिथे तळे नव्हते. भेगाळलेला चिखल होता, आणि त्यावर उभ्या गाडीतून माशांची खोकी उतरत होती. आडातच नाही तर पोहऱ्यात गाडीनेच आणावे लागणार.

मॅनेजर धावत आला. "बाई, इकडे मनाई आहे!"

"अहो, पाणी कुठं गेलं?"

"उपसलं, तीन वर्षं झाली. पाणी होतं तोवर लोक भिंत चढून बुडायचे. आता एकही बुडत नाही. सर्वांत सुरक्षित तळं म्हणून बक्षीस आहे आपल्याला."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"आजवर तरी सगळे पाच तारेच देतात. तुमच्याकडूनही आलेत की."

बाई काठावर बसल्या, चपला काढल्या आणि पाय खाली सोडले. चिखल तव्यासारखा तापला होता.

तेवढ्यात मोबाइल वाजला. फोटो पाहून धाकट्या जाऊबाईंनी लिहिले होते, 'किती निळं पाणी! आम्ही गेल्याच महिन्यात त्यात पाय सोडून बसलो होतो. गार आहे ना हो?'

बाईंनी पाय वर ओढून घेतले. जाऊबाई गार पाण्यात बसून आल्या असताना आपण तापल्या चिखलात बसलो, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

'बर्फासारखं,' त्यांनी लिहिले.

तुम्हीही एकदा जाऊन याच. पाणी कसे होते, ते आम्ही विचारणार नाही; तुम्ही सांगालच.