बसप्पाचा वारा

मुलांनो, मी विणून पाठवलेल्या स्वेटरची एक बाही लाल आणि दुसरी निळी का, असं परवा फोनवर हसत विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते. लाल लोकर बसप्पाने नेली.

बसप्पा आमचा शेजारी. उमरग्यात ट्रकच्या बॉडी बांधतो. दिसेल त्या वाहनाला बोटभर लोकरीचे धागे चिकटवतो. दूधवाल्याची मोटरसायकलही सुटली नाही. "वारा डोळ्याला दिसत न्हाय, बाई. धागा दाखवतो."

सुरुवात त्याच्या लेकीमुळे, गौरीमुळे झाली. तिच्या इंजिनिअरिंग कॉलेजने स्पर्धेसाठी उघड्या चाकांची रेसिंग कार बांधली. चालवणार गौरी. पण सरळ रस्त्यावर गाडी वेगच घेईना. बसप्पाने चाकांमागे धागे चिकटवले, गौरीला गाडी पळवायला लावली आणि स्वतः मोटरसायकलवर तिच्या बाजूने गेला. धागे गरगर फिरत होते.

"चाकावर वारा आदळतोय. त्योच गाडीला मागं ओढतोय."

"काका, हे ट्रकचं काम न्हाय," कॉलेजचा एक मुलगा म्हणाला.

"व्हय. ट्रकला एवढे नखरे नसतेत."

त्याने चाकांपुढे वाकवलेला पत्रा बसवला. वारा बाजूने वळला, धागे गाडीला लागून निजले आणि गाडीने वेग घेतला.

स्पर्धेत तपासनीस म्हणाले, "नियमाने चाक वरून दिसलं पाहिजे, हे झाकलं जातंय. पत्रा काढा, नाहीतर गाडी बाद." गौरीचा चेहरा उतरला. पत्रा निघणार कसा? ट्रकच्या सवयीने बसप्पाने तो रिव्हेट मारून कायमचा ठोकला होता. त्याने पिशवीतून पत्र्याची कात्री काढली, तिथंच बसकण मारली आणि दोन बोटं पत्रा कापला.

"आता वरून बघा, साहेब. चाक दिसतंय का न्हाय? मग उरलेला काढणार न्हाय."

साहेबांनी नियम दोनदा वाचला. गाडी धावली. नंबर आला नाही. "धागे निजले व्हते," एवढंच बसप्पा गावभर सांगत फिरला.

गौरी आता पुण्याला नोकरीला आहे. तरी मागच्या महिन्यात तो लोकर मागायला दारात उभा.

"आता कुठली रेस?" मी विचारलं.

"तिची स्कूटर इथंच हाय की. रोज सकाळी नळदुर्ग रोडला फिरवून आणतो. पोरगी आली अन् गाडी बंद, असं नको." मग चपलेकडे बघत म्हणाला, "धागे हलले की वाटतं, ती चालवतीय अन् म्या बाजूनं चाललोय."

मी लाल लोकरीचा अख्खा गुंडा दिला. तेव्हा बाही बदलून मिळणार नाही, निळीच घाला.

स्कूटर चालू आहे. तिच्यावर लाल धागे आहेत.